पाटी काढा, कपाट उघडा



पर्युषण तोंडावर आलं की मी दरवर्षी इथे अठाईची तयारी, मुगाचं पाणी, पारण्याला काय द्यावं, असलं काहीतरी लिहिते. या वर्षी ते पुढच्या आठवड्यात. आज जे लिहायचंय ते वर्षभर मनात कुसळासारखं टोचतंय. पुन्हा तेच दिवस यायच्या आत ते बोलून टाकलेलं बरं.

गेल्या पर्युषणातला सहावा दिवस. माझ्या नणंदेची मुलगी पुण्यात नोकरी करते. तिची पहिलीच अठाई, सहावा उपवास. पहाटे पुण्याहून निघून, घरी न जाता ती थेट स्थानकात आली, कारण तिला पचक्खाण महासतीजींच्या मुखातून घ्यायचं होतं. अंगात गुडघ्यापर्यंतची सैल कुर्ती, खाली जीन्स, डोक्यावर ओढणी, हातात मुहपत्ती. दारात मंडळाच्या दोघीजणी उभ्या होत्या. शेजारी पाटी: महिलांनी साडी नेसूनच यावे. त्या म्हणाल्या, “घरी जाऊन साडी नेसून ये, मग बस.”

तिने आत पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. आमची नजरानजर झाली. आणि मी हातातल्या पुस्तकात मान घातली.

ती गेली. पचक्खाण तिने घरीच घेतलं, अठाई पूर्ण केली, पण तपस्वींच्या बहुमानाला आली नाही. त्यानंतर ती स्थानकाची पायरी चढलेली नाही. दिवाळीत मी विषय काढला तेव्हा एवढंच म्हणाली, “मामीजी, उपवास मला घरीही जमतो. तिथे जागा साडीला आहे, मला नाही.”

आता खरी गोष्ट सांगते. त्या पाटीचा मजकूर पाच वर्षांपूर्वी मी लिहिला होता. मंडळाच्या बैठकीत हात वर करणाऱ्यांत मी होते, आणि अक्षर बरं म्हणून लिहायचं कामही माझ्याकडे आलं. तेव्हा हा लेख कोणा एकीवर नाही. आधी माझ्यावर आहे, मग आपल्या सगळ्यांवर.

बैठकीत आपण सगळ्यांनी एकच शब्द घोकला होता: परंपरा. साडी ही आपली परंपरा. मला आज विचारायचंय, कुणाची? कधीपासूनची?

माझं माहेर पाथर्डीचं, कापड दुकानातलं. गादीवर बसून कापडाच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. आमच्या घराणं मारवाडातून आलं तेव्हा बायका घागरा, कांचळी आणि ओढणा घालून आल्या. माझी पणजी शेवटपर्यंत त्याच वेशात होती. चेहरा घुंगटात, इतका की सासऱ्यांनी तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं म्हणे. पण कांचळी म्हणजे काय, ते तुमच्यातल्या जुन्या बायकांना विचारा. पुढून झाकलेली, पाठ पूर्ण उघडी, मागे नुसते कसे बांधलेले. आज लग्नात एखादी मुलगी तसा ब्लाउज शिवून आली तर आपण तोंडाला पदर लावतो. पणजीच्या काळी पाठ दिसणं हा विषयच नव्हता. तोंड दिसणं हा गुन्हा होता.

शेजारपाजारच्या मराठी बायका नऊवारी लुगड्यात असत. काष्टा घातला की पोटऱ्या दिसतात. शेतात, ओढ्यावर, बाजारात त्या तशाच वावरत आणि कुणाला काही वाटत नसे. आपण जिला परंपरा म्हणतो ती गोल साडी आली तेव्हा पोटऱ्या झाकल्या गेल्या आणि कंबर उघडी पडली. प्रत्येक वेशाचं असंच असतं, एक झाकतो, एक दाखवतो. आपण ज्यात वाढलो त्यात काय दिसतं, ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

ही गोल साडी आपल्याकडे आली कशी, तेही ऐका. आत परकर, अंगात ब्लाउज, पदर खांद्यावर, या थाटाला फार तर दीडशे वर्षं झाली. १८६० च्या दशकात बंगालच्या टागोर घराण्याची सून ज्ञानदानंदिनी देवी नवऱ्याच्या नोकरीमुळे मुंबईला राहिल्या. पारशी बायका साडी कशी नेसतात ते त्यांनी पाहिलं, त्यात आपली भर घातली आणि ती पद्धत कलकत्त्याला नेली. तिकडे शिकलेल्या घरांतल्या बायकांनी ती उचलली. ब्लाउज हा शब्द तरी आपला आहे का? पेटीकोट? नावासकट साहेबाकडून आलेल्या दोन कपड्यांवर आपण परंपरेचा शिक्का मारून बसलोय.

आपल्या लहान गावांत, आपल्या घरांत ती पोचली त्याहून खूप उशिरा, आणि त्याला मोठं कारण झालं दुसरं महायुद्ध. नेहरू नगरच्या किल्ल्यात कैदेत होते, ती ही वर्षं. गिरण्यांचं कापड लष्कराकडे जाऊ लागलं, भाव भडकले. १९४३ मध्ये सरकारने कापडावर कंट्रोल आणला. ताक्यावर भाव छापून यायचा. गरिबांसाठी म्हणून जाडंभरडं स्टँडर्ड क्लॉथ निघालं. आजोबा सांगायचे, दुकानापुढे पहाटेपासून रांग, आणि आत थाने मोजकीच. युद्ध संपलं तरी टंचाई संपली नाही. जानेवारी १९४८ मध्ये कंट्रोल उठवला, तर भाव असे वर गेले की त्याच वर्षी पुन्हा आणावा लागला.

आता हिशेब करा. कळ्यांच्या घागऱ्याला आमच्या घरी बारा-पंधरा वार कापड लागायचं, वर ओढणा वेगळा. लुगड्याला नऊ वार. गोल साडीचं पाच-सहा वारांत भागतं. कापडच मिळत नाही म्हटल्यावर कळ्या घालायच्या कशाच्या? गोल पातळ शहरांत आधीपासून होतं, शिकलेल्या बायका नेसत होत्या. टंचाईने ते आपल्या माजघरापर्यंत आणलं.

गंमत बघा. त्याच सुमारास, १२ फेब्रुवारी १९४७ ला, पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिओर नावाच्या शिंप्याने बायकांच्या कपड्यांचा नवा थाट मांडला. बारीक कंबर आणि खाली घेरदार, लांब झगा, एकेकाला कित्येक वार कापड. आमच्या पणजीच्या घागऱ्याचाच गोरा भाऊ म्हणा! आम्ही घेर सोडत होतो आणि पॅरिस घेर धरत होतं. इंग्लंडमध्ये तेव्हा कपड्यांचं रेशन चालू होतं. १९४१ ला लागलेलं ते १९४९ ला संपलं. तिथल्या मंत्र्यांना ही उधळपट्टी रुचली नाही. अमेरिकेत डॅलस शहरातल्या बायकांनी तर विरोधासाठी चक्क एक क्लब काढला. त्यांचं म्हणणं काय, तर झगा गुडघ्याच्या थोडा खालीच बरा, एवढा लांब आम्हाला नको. म्हणजे तिथे बायका अंग जास्त झाकण्याविरुद्ध भांडत होत्या आणि इथे आपण कमी झाकण्याविरुद्ध भांडतो. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे, बाईच्या अंगावर काय असावं ते ठरवायचं कुणी?

माझी आजी, आम्ही तिला जीजी म्हणायचो, तिने १९४९ मध्ये घागरा सोडला. आजारपणाने महिनाभर पुण्याला राहून आली आणि येताना गोल साडी नेसून टांग्यातून उतरली. पणजीने दारातच तिला थांबवलं. “नाटकवाल्या बाईसारखं हे काय नेसलंस?” आठ दिवस तिच्याशी कोणी बोललं नाही. परेंड्याचं पाणी तिला हातानं घेऊ देत नव्हते. जीजी हे आम्हाला हसून सांगायची, पण सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची.

मैत्रिणींनो, जिच्यासाठी जीजीला दारात उभं केलं, तीच साडी नेसली नाही म्हणून मी परवा एका पोरीला दारातून परत जाऊ दिलं. पंचाहत्तर वर्षांत आपण एवढंच शिकलो का?

पुढचंही थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला ते माहीतच आहे. नायलॉन. युद्धात त्याच्या पॅराशूटच्या छत्र्या झाल्या. युद्ध सरल्यावर अमेरिकेत नायलॉनच्या मोज्यांसाठी दुकानांपुढे बायकांची धक्काबुक्की झाली. साठच्या दशकात ते साडी होऊन आपल्याकडे आलं. माझी आई नायलॉनची साडी नेसून स्थानकात गेली तेव्हा तिला ऐकवलं गेलं की अंग दिसतं, सुती नेसून येत जा. बोलणाऱ्या कोण? गोल साडीसाठी स्वतः बोलणी खाल्लेल्या बायका! आता एक कबूल करते. स्टोव्हपाशी नायलॉन नेसू नका, ते वितळून अंगाला चिकटतं, हे त्या पोटतिडकीने सांगायच्या, आणि त्यात त्या शंभर टक्के बरोबर होत्या. नव्या कपड्यातही खोट असते. पण ती खोट त्यांनी डोळ्यांनी पाहून सांगितली होती. अंग दिसतं हे मात्र नुसतं तोंडाला आलेलं वाक्य होतं.

मग पंजाबी ड्रेस. फाळणीनंतर मुंबई-कल्याणकडे आलेल्या पंजाबी आणि सिंधी कुटुंबांमुळे सलवार-कमीज आपल्या लोकांना जवळून दिसू लागली. १९६५ च्या ‘वक्त’ सिनेमात साधनाने अंगाबरोबर बसणारा चुडीदार-कुर्ता घातला आणि कॉलेजच्या मुली वेड्या झाल्या. तो कुणी बेतला होता? भानू अथैया यांनी. कोल्हापूरच्या मराठी घरात जन्मलेली बाई. पुढे १९८३ मध्ये ‘गांधी’ सिनेमासाठी ऑस्कर घेणारी पहिली भारतीय. तेव्हा पंजाबी ड्रेस हे बाहेरचं खूळ, असं म्हणताना जरा जपून. लग्नानंतर पहिल्यांदा मी तो माथेरानला घातला, १९८४ मध्ये, आणि नगरचा स्टँड यायच्या आत एस.टी.त पिशवीतून साडी काढून वरून गुंडाळली. घरात मॅक्सी घालायला मला मुलगा शाळेत जाईपर्यंत थांबावं लागलं. आज सासूबाईच दिवसभर गाउनवर असतात. हे मी हसून लिहितेय, पण त्या एस.टी.तला घाम अजून आठवतो.

आता पुरुषांकडे या. माझ्या आजोबांचा वेश धोतर, बंद गळ्याचा कोट आणि पगडी. पगडी हा तर पेढीचा मान. वडिलांच्या वेळी पगडी जाऊन टोपी आली, मग टोपीही गेली. धोतराचा लेंगा झाला, लेंग्याची टेरिकॉटची पँट, पँटची जीन्स. गेल्या वर्षी ज्या दारातून माझी भाची परत गेली, त्याच दारातून त्याच सकाळी तिच्या वयाचा मुलगा जीन्स आणि छातीवर इंग्रजी अक्षरं असलेला टी-शर्ट घालून आत गेला. त्याला कुणी म्हटलं नाही, घरी जा, धोतर नेसून ये. पुरुषाने कपडा बदलला की तो काळाबरोबर चालला आणि बाईने बदलला की परंपरा बुडाली! हा कुठला न्याय? आणि हा नियम पुरुषांनी केला असंही म्हणायची सोय नाही. तो आपण बायकांनीच केला.

परंपरेचं एवढं पुरे. आता धर्माचं बोलू, कारण स्थानक धर्माचं आहे.

आपल्या बारा व्रतांत कपड्यांचा उल्लेख येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. सातव्या व्रतात, उपभोग-परिभोग परिमाणात, वस्त्राची मर्यादा करायची असते. रोजच्या चौदा नियमांत ‘वत्थ’ आहे. पण तिथे मर्यादा कशाची विचारली आहे? संख्येची. आज मी किती वस्त्रं वापरीन. साडी की कुर्ती, हे तिथे नाही. उपासकदशांग सूत्रातला आनंद श्रावक आठवा. कोट्यवधी सोनैया, हजारो गायींची गोकुळं असा श्रीमंत. भगवंतांसमोर त्याने वस्त्राची मर्यादा केली ती क्षौम-युगलाची, म्हणजे साध्या कापडाच्या एका जोडीची. बाकी सगळं वर्ज्य. आणि आपल्या महासतीजी? त्यांना आपल्या परंपरेत ९६ हात कापडाची मर्यादा आहे. दोन हाताचा एक वार. म्हणजे ४८ वार. सहावारी साडीच्या हिशेबात फक्त आठ साड्या, आणि त्यात अंगावरचं, पांघरायचं, सगळं आलं.

हा हिशेब केल्यावर मी माझं कपाट उघडलं. मोजल्या. १८३ साड्या. मुलाच्या लग्नानंतर एकदाही घडी न मोडलेल्या ४०. रेशमी ६१.

त्या ६१ बद्दल बोलायला माझी जीभ अडखळते, पण बोलते. रेशमाचा किडा स्वतःभोवती एकाच अखंड धाग्याचा कोश विणतो. धागा हजार मीटरच्या आसपास लांब असू शकतो. किडा पाखरू होऊन बाहेर पडला तर कोशाला भोक पडतं, धागा तुटतो. म्हणून त्याआधीच वाफेने किंवा गरम हवेने तो आतल्या आत मारतात आणि कोश गरम पाण्यात टाकून धागा उकलतात. एका साडीला असे हजारो कोश. पंचेंद्रिय नाही म्हणाल, तर आपण अळी निघेल म्हणून फ्लॉवर खात नाही, पाणी गाळून पितो, चातुर्मासात हिरवी भाजी सोडतो. आणि संवत्सरीला तोच शालू नेसून, खमावतो म्हणून चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागतो. तेव्हा दारात कुणी अडवतं का? उलट पुढच्या रांगेत बसवतात.

आपल्याच मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात खेळ पैठणीचा असतो. टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’मुळे २००४ पासून घरोघरी पैठणीचं वेड शिरलं, तसं आपल्यातही शिरलं. येवला आपल्या कोपरगावला लागूनच, आणायला सोपं. विणकरांच्या कलेबद्दल मला आदरच आहे. कापडवाल्याची मुलगी आहे मी, पैठणीचा पदर हातावर घेतला की अजून जीव हरखतो. पण सकाळी अहिंसेवर प्रवचन आणि दुपारी त्याच सभागृहात रेशमाचं बक्षीस, याला काय म्हणायचं? माझ्या आईची ती नायलॉनची साडी, जिच्यावर एवढी बोलणी बसली, तिच्यासाठी एकही कोश उकळला गेला नव्हता.

कुणी म्हणेल, आपल्या आज्या-पणज्या नेसल्या, त्या काय धर्म जाणत नव्हत्या? याचं उत्तर माझ्या पणजीच्या हातात होतं. कोपरापर्यंत हस्तिदंती चुडा. मारवाडात तो सौभाग्याचा. आणि प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानांची आलोचना करतो, त्यात दंतवाणिज्य आहे, म्हणजे हस्तिदंताचा व्यापार. तोंडाने आलोचना आणि हातात चुडा, अशा आपल्या पिढ्या गेल्या. पुढे चुडा गेला. लाखेचा आला, प्लास्टिकचा आला, काचेच्या बांगड्या आल्या. आज हस्तिदंतावर कायद्याने बंदी आहे आणि आपल्यातल्या कुणाला त्याची आठवणही होत नाही. सौभाग्याला काही झालं नाही. उलट धर्माच्या आपण एक पाऊल जवळ आलो. म्हणजे फॅशन बदलल्याने धर्म बुडतोच असं नाही. कधीकधी तोच सुधारतो.

आता तुमच्या मनातले आक्षेप. ते माझ्याही मनात होते, म्हणून मला माहीत आहेत.

संतांसमोर मर्यादा नको का? हवीच. तंग, चमचमणारे, लक्ष ओढणारे कपडे सामायिकात नकोत, हे मलाही पटतं. पण सैल कुर्ती आणि डोक्यावर ओढणी यात पाठ झाकली, पोट झाकलं, पाय झाकले. आपल्या नियमात बसणाऱ्या साडीत कंबर उघडी राहते. मग मर्यादा कुणी जास्त पाळली? शिवाय पायात वाजणारे पैंजण, हातभर बांगड्या, जरीची सळसळ यांनी पाटावरच्या महासतीजींचं लक्ष विचलित होत नाही का?

आज कुर्ती, उद्या आणखी काही, असं म्हणाल. पणजीही जीजीला हेच म्हणाली होती. उद्याचं उद्या बघू. उद्या जर कुणी खरोखर अंगभर नसलेले कपडे घालून आली, तर तिला बाजूला घेऊन प्रेमाने सांगता येतं. त्यासाठी पाटी लागत नाही, माणूस लागतं.

साडीमुळे सगळ्या सारख्या दिसतात, असंही एक म्हणणं बैठकीत झालं होतं. खरंच दिसतात? दुसऱ्या रांगेतली चौथी कोणत्या दुकानातून कितीला आणून नेसली आहे, हे प्रवचन संपायच्या आत अख्ख्या रांगेला माहीत असतं. आपल्यातल्या ज्या दोघीतिघींची परिस्थिती बेताची आहे, त्या बहुमानाच्या दिवशी का येत नाहीत, हे कधी कुणी विचारलंय? मला एकीने सांगितलं, “रोज वेगळी साडी कुठून आणू?” ती तीन वर्षं पर्युषणाचे शेवटचे दिवस घरीच करते. तिला कोणत्या पाटीने अडवलं? ती पाटी आपल्या कपाटांवर लिहिलेली आहे.

तेव्हा माझं मागणं सांगते. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे, आणि माझ्या बाजूने किती हात वर होतात ते बघायचंय.

पहिलं, ती पाटी काढा. लावायचीच असेल तर बायकांना आणि पुरुषांना एकच लावा: साधे, अंगभर कपडे घालून या. दाराशी मुहपत्त्या आणि आसनं ठेवतो, तशा चार-सहा सुती ओढण्या ठेवा. ज्याला-जिला लागेल ते घेईल. दुसरं, खेळ पैठणीचा बंद. बक्षीस द्यायचं तर सुती साडी द्या. तिसरं, पर्युषणाचे आठ दिवस दोन सुती जोड, एक अंगावर, एक दोरीवर, आणि त्यात तपस्वी, श्रीमंत, गरीब सगळ्या आल्या. चौथं ज्याचं त्याच्यावर. मी पचक्खाण घेतलंय की यापुढे नवं रेशीम घ्यायचं नाही. आहेत ते फेकून जीव परत येत नाहीत, तेव्हा ते वापरीन, पण स्थानकात नाही. अहिंसा रेशीमही निघालंय. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पाखरू उडून गेल्यावर उरलेल्या कोशापासून सूत काढायची पद्धत बसवली. पण खरं सांगू, मला ते कशाला हवंय? १८३ आहेत.

भाचीला मी गेल्या रविवारी फोन केला. म्हटलं, “मी त्या दिवशी खाली मान घातली. पाटीही माझ्याच अक्षरात होती.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला माहीत होतं मामीजी. तुमचा ‘म’ ओळखू येतो.” यंदा येशील का, विचारलं. “बघते,” म्हणाली. त्याहून जास्त मागायचा हक्क मला नाही.

पर्युषणाच्या पहिल्या दिवशी मी सकाळी साडेसातपासून दाराशी उभी असेन, ओढण्यांची थप्पी घेऊन. बैठकीत माझं म्हणणं पडलं तरी. ज्यांना मी पाच वर्षांत त्या पाटीने दुखावलं, त्या सगळ्यांना मनापासून मिच्छामि दुक्कडम्.